डावीकडची सीट

प्रमिलाताई,

गेल्या आठवड्यात तुमच्या गल्लीत जमलेल्या गाड्या तुम्ही पाहायला हव्या होत्यात. दोन्ही कडांना चारचाक्या लागल्या होत्या आणि एकही वाकडी नव्हती. सगळ्या उलट्या आत घेतलेल्या, तोंडं रस्त्याकडे, चाकं सरळ, मधे दार उघडेल इतकी जागा. शववाहिकेचा ड्रायव्हर मला म्हणाला, "बाई, असं पार्किंग मी लग्नातसुद्धा पाहिलं नाही. कोणी लावून घेतलं?" मी म्हटलं, "ज्यांना न्यायला आलात त्यांनीच." तो माझ्याकडे बघत राहिला. समजावून सांगायला वेळ नव्हता.

रडायचं काम बाकीच्यांनी व्यवस्थित केलं. मी चहाचं, चपलांचं आणि बर्फाचं पाहिलं. वर्तमानपत्रात द्यायच्या चार ओळी तुमच्या पुतण्याने लिहिल्या. त्यात तुमचा जन्म आहे, शिक्षण आहे, "नाशिकमधील महिला मोटार प्रशिक्षिका" असं भारदस्त काहीतरी आहे. ते ठीकच आहे. मला तुमच्याशी बोलायचंय ते निराळ्या कारणाने. आपला एक वाद अर्धा राहिलाय. तुम्ही अमेरिकेत लेकीजवळ राहायला हवं होतंत, असं माझं म्हणणं. तुमचं म्हणणं काय होतं ते तुम्ही सहा वर्षांत एकदाही नीट सांगितलं नाहीत. नुसतं हसायच्यात. समोरचा हसायला लागला की मला वाद घालता येत नाही, हे तुम्हाला चांगलं माहीत होतं.

चौऱ्याण्णव साली मी तुमच्याकडे आले ती रागाने. मखमलाबादला आमचा गुलाबाचा मळा. फुलं बाजारात न्यायला व्हॅन होती आणि व्हॅनला ड्रायव्हर होता, म्हणजे असला तर होता. ऐन गणपतीत तो न सांगता गावाला गेला आणि बांधलेल्या जुड्या शेडमधेच माना टाकून बसल्या. मी ह्यांना म्हटलं, गाडी मी शिकते. हे म्हणाले, "तू?" मी म्हटलं, "फुलं तोडायला मी, जुड्या बांधायला मी, व्यापाऱ्याशी भांडायला मी. स्टिअरिंग त्याहून जड असतं का?"

तुमच्या शाळेची पाटी मी येता-जाता पाहिलेली होती. ती शाळा तुमच्या मिस्टरांनी काढलेली. बायका शिकायला लाजतात म्हणून त्यांनी तुम्हाला डाव्या सीटवर बसवलं, आणि ते गेल्यावर सगळ्यांना वाटलं की आता तुम्ही पाटी उतरवणार. तुम्ही पाटी नव्याने रंगवून घेतलीत. हे मला कोणीतरी सांगितलं होतं आणि तेवढ्यावर मी तुमच्याकडे नाव घातलं.

गोल्फ क्लबच्या मैदानाला वळसा घालून आपला पहिला धडा झाला. तुम्ही साडीवर कॅनव्हासचे बूट घातले होते. समोरून एक सायकलवाला आला आणि मी स्टिअरिंग सोडून दोन्ही हात डोळ्यांवर घेतले. गाडी थांबली. तुम्ही शांतपणे म्हणालात, "शोभा, डोळे मिटायचे असतील तर घरी मिट. इथे उघडे ठेव. घाबरू नकोस, ब्रेक माझ्याकडे आहे."

ह्या शेवटच्या वाक्यावर निम्म्या नाशिकच्या बायका गाडी शिकल्या. शाळेच्या गाडीत डावीकडेही क्लच आणि ब्रेक असतो. शिकणारीने घोटाळा केला की डावीकडून गाडी थांबवता येते. पळवता मात्र येत नाही, कारण तिसरं, गॅसचं पेडल तिथे नसतं. त्या वेळी ही गोष्ट मला अगदी सोयीची वाटली होती.

लायसन मिळालं आणि मी स्वतः फुलं बाजारात न्यायला लागले. परत येताना तुमच्याकडे चहाला थांबायचे. तुम्ही माझ्याहून मोठ्या, म्हणून ताई आणि तुम्ही. बाकी सगळं मैत्रिणीसारखं, म्हणजे भांडण धरून.

तुमची अस्मिता लग्न होऊन अमेरिकेला गेली, तिथे स्थिरावली, आणि दर रविवारी फोनवर एकच धोशा लावू लागली. "आई, पुरे झालं. गाडी विक, शाळा कोणाला तरी दे, इकडे ये. कागदपत्रं मी बघते." तुम्ही "बघू" म्हणायच्यात. मग तिने मला गाठलं. "मावशी, तू आईबरोबर ये. एकटी ती विमानात बसायची नाही. तुझंही फिरणं होईल. आणि तिला पटव." मी कामाची बाई, काम दिलं की करते. शिवाय मला पटलेलंच होतं. गुडघे दुखताहेत, घरी कोणी नाही, उन्हातान्हात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका थांबवत बसायचं, कशासाठी? तिकडे लेक आहे, नात आहे.

तुम्ही एक अट घातलीत. "तिथे मला माझी मला गाडी चालवता आली तर विचार करीन. मागच्या सीटवरची आजी व्हायला मी जाणार नाही. कोणी नेईल तेव्हा जायचं आणि आणील तेव्हा यायचं, हे मला जमायचं नाही."

म्हणून आपण पेठ रोडला आरटीओत परदेशात गाडी चालवायचा परवाना काढायला गेलो. तुम्ही दर आठवड्याला बायका घेऊन तिथे जाणार, त्यामुळे सगळे ओळखीचे. साहेब फोटोकडे बघून म्हणाले, "मॅडम, इतक्या जणींना आमच्यासमोर उभं केलंत. आता तुमची टेस्ट कोण घेणार?" तुम्ही म्हणालात, "अमेरिका."

अस्मिताचं घर पेनसिल्व्हेनियात, टेकड्यांच्या भागात. घरं सुरेख, हिरवळ सुरेख, रस्त्यावर माणूस नाही. दूध संपलं तरी गाडी काढायची. अस्मिता आणि जावई सकाळी कामावर जायचे, नात शाळेत. तुम्ही खिडकीत बसून समोरच्या शेजाऱ्याचं गाडी बाहेर काढणं बघायच्यात आणि स्वयंपाकघरात मला ओरडून सांगायच्यात, "आरसा न बघता काढली, शोभा! रोज तसंच करतो!" चार दिवसांत तुम्ही त्या बिचाऱ्याला तीनदा नापास केलंत. तिथे बसल्या बसल्या तुमची अट मला नीट कळली. त्या गावात ज्याला गाडी येत नाही, तो घरातल्या फर्निचरपैकी एक.

मग भाड्याची गाडी घेतली. पांढरी, छोटी, नवी कोरी. मी सवयीने डाव्या दाराकडे गेले, शेजारी बसायला, तर समोर स्टिअरिंग. तुम्ही मला बाजूला केलंत. "हो तिकडे. डावीकडची सीट माझी आहे. आख्ख्या हिंदुस्थानात डावीकडे बसून गाडी सांभाळायची सवय कोणाला असेल तर मला आहे." अस्मिताने टाळ्या वाजवल्या. मलाही वाटलं, खरंच की! देवाने ही बाई अमेरिकेसाठीच तयार केली.

पुढचा तासभर आपण एका दुकानाच्या रिकाम्या पार्किंगमधे जे काय केलं, ते आठवून मी कालसुद्धा हसले, आणि ते सुतकाच्या घरात बरं दिसलं नाही. गाडी ऑटोमॅटिक, क्लच नाही. अस्मिताने समजावलं, उजवा पाय दोन्ही पेडलांना, डाव्याला काम नाही. तुम्ही मान डोलावलीत. गाडी निघाली, जरा वेग आला, आणि तुमचा डावा पाय गिअर बदलायला क्लच शोधत गेला तो थेट ब्रेकवर. पट्ट्याने माझा गळा धरला. पुन्हा निघालो. पुन्हा तेच. मागे बसलेली अस्मिता म्हणाली, "आई, डावा पाय विसर!"

"पाय काय विसरायची गोष्ट आहे?"

"मग उजव्याने जरा गॅस दे."

"देतेच आहे."

"तू ब्रेकवर ठेवलायस तो, आई."

खरंच ठेवला होतात. डावा पाय क्लचच्या शोधात, उजवा ब्रेकच्या पहाऱ्यावर, आणि स्टिअरिंगवर फक्त उजवा हात, तोही कडेने, शेजारच्या बाईच्या हातातलं ओढून घ्यावं तसा. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ताई, तुम्ही कित्येक वर्षांत गाडी चालवलेलीच नव्हतीत. सकाळची शेवटची बाई गाडी तुमच्या दारात आणून लावायची, दुपारची पहिली तिथूनच न्यायची. नाशिकभर फिरायच्यात त्या सगळ्या डावीकडे बसून, पायाखाली क्लच आणि ब्रेक. आम्हा सगळ्यांना तुम्ही थांबवलंत. पुढे तुम्हाला आम्ही नेत होतो.

तुमच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तुम्हालाही ते त्याच क्षणी कळलंय. अस्मिता म्हणाली, "राहू दे आई, मी नेते तुम्हाला." ते ऐकून तुमचे ओठ असे मिटले की मला काहीतरी करणं भाग पडलं. मी म्हटलं, "ताई, डावा बूट काढा. पाय वर घ्या. मांडी घाला."

"गाडीत?"

"अर्धी. एकाच पायाची. जो पाय ऐकत नाही तो बसवून ठेवा."

तुम्ही साडी सारखी केलीत, डावा पाय दुमडून सीटवर घेतलात, आणि गाडी लोण्यासारखी निघाली. अस्मिताने कपाळाला हात लावला. पण पाय खाली घ्यायला तिने सांगितलं नाही, कारण गाडी चालत होती.

दुसऱ्या दिवशी आपण दोघीच निघालो. दोन-अडीच तासांवर एक मोठी गुलाबबाग होती, ती मला पाहायची होती. मी उजवीकडे बसले, जिथे आयुष्यभर बसून व्हॅन चालवली तिथेच, फक्त पुढ्यातलं चाक गायब. माझे पाय आपोआप हवा दाबत होते. तुम्ही तुमच्या सीटवर, मी माझ्या. मधल्या मधे स्टिअरिंग तेवढं पलीकडे सरकलेलं.

तिकडे चार रस्ते मिळतात तिथे चारी बाजूंच्या गाड्या थांबतात आणि जो आधी आला तो आधी जातो. पोलीस नाही, सिग्नल नाही. तुम्ही असा पहिला चौक पाहिलात आणि इतक्या खूश झालात की आपली पाळी आली तरी हलेनात. सगळ्यांना हाताने "जा, जा" करत बसलात.

"बघ शोभा, कसे थांबतात! माझ्या हाताखाली शिकल्यासारखे."

"ताई, ते तुम्ही जायची वाट बघताहेत."

"असू दे. आपल्या द्वारका चौकात हे बघायला मिळणार आहे का? बघून घेऊ दे."

पुढे रस्त्यावर पंचेचाळीस लिहिलं होतं. तुम्ही विसावर होतात. ते आकडे मैलांचे असतात हे मी सांगितलं, त्यावर तुम्ही म्हणालात की मग तर वीस पुष्कळच झाले. मागे रांग लागली. कोणी हॉर्न वाजवत नव्हतं, म्हणून आपल्याला वाटलं सगळं छान चाललंय. मग आरशात निळे-लाल दिवे.

तुम्ही गाडी कडेला घेतलीत, ती मात्र नमुनेदार. आणि आपल्याकडच्या पद्धतीप्रमाणे उतरून साहेबांकडे जायला दार उघडलंत. तिकडे पोलिसाने थांबवलं तर गाडीतून उतरायचं नसतं, उतरलं की तो दचकतो, हे अस्मिताने बजावलं होतं आणि आपण दोघी साफ विसरलो होतो. पण डाव्या पायाला मुंग्या आल्या होत्या. तो खाली येईचना. तुम्ही दोन्ही हातांनी आपला पाय उचलत होतात, तेवढ्यात तो खिडकीशी येऊन उभा राहिला. ताडमाड, गोरापान, आमच्या मुलापेक्षाही लहान वयाचा. सगळं ठीक आहे ना, इतकं हळू का, असं त्याने विचारलं. मग त्याची नजर पायावर गेली.

"आय ॲम ड्रायव्हिंग टीचर," तुम्ही ताठ मानेने सांगितलंत.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "आणि ह्या तुमच्या विद्यार्थिनी?"

"येस. पास्ड."

तो मागे वळून जरा वेळ झाडांकडे बघत राहिला. खांदे हलत होते. मग त्याने परवाना पाहिला, परत दिला, आणि अगदी नम्रपणे सांगितलं की मॅडम, दोन्ही पाय खाली ठेवा, आणि रस्त्यावर जो वेग लिहिलाय त्याच्या जवळपास चला. हळू चालणंही इथे धोक्याचं असतं. दंड केला नाही. जाताना तुम्हाला सलाम मात्र केला, तो चेष्टेचा नव्हता असं मी आजही मानते.

तो गेल्यावर तुम्ही बराच वेळ गाडी सुरू केली नाहीत. "हळू चालणं धोक्याचं," एवढंच एकदा पुटपुटलात. नंतर बूट घातलात.

आणि मग तो हायवे. बागेला जायला दुसरा रस्ता नव्हता. चढणीचा जोडरस्ता वर जातो आणि शेवटी हायवेत मिसळतो. थांबायला जागा नाही, पळणाऱ्या गाड्यांच्या बरोबरीने पळत आत शिरायचं. तुम्ही निम्म्यावर जाऊन ब्रेक दाबलात. मागे एक मोठा ट्रक होता. तोही थांबला आणि ह्या खेपेला हॉर्न वाजला, असा, की मी कानांवर हात ठेवले. डावीकडून गाड्या सूं सूं जात होत्या. तुमचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, दोन्ही पाय ब्रेकवर.

"शोभा, मला जमायचं नाही. उतरू आपण."

"कुठे उतरता? मागे ट्रक आहे."

"मग काय करू?"

मला तुम्ही कधी विचारलं नव्हतंत, मग काय करू. मी मागे वळून पाहिलं, गाड्यांच्या रांगेत मोठी फट दिसली. ती यायच्या आधी ओरडले, "डावा पाय काढा! उजवा तिसऱ्यावर, गॅसवर! दाबा!"

"किती?"

"पूर्ण! दाबा ताई, दाबा!"

तुम्ही दाबलंत. गाडी उधळली. मी देवाचं नाव घेतलं की ह्यांचं ते आता आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा आपण हायवेवर होतो, सरळ, आपल्या पट्ट्यात, काटा साठावर, आणि तुम्ही ओरडत होतात. भीतीने नव्हे. खिडकी खाली केलेली, पदर फडफडतोय, आणि तुम्ही शाळेतल्या पोरीसारख्या "अगं! अगं! अगं!" एवढंच ओरडत होतात. मी तुम्हाला तसं आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. तेवढ्यासाठी विमानाचा तो सगळा प्रवास मी पुन्हा करीन.

बागेत गुलाब चांगले होते. आमच्यापेक्षा मोठे, वासाला कमी. बाकावर बसून आपण अस्मिताने दिलेल्या पोळ्या आणि लसणाची चटणी खाल्ली. तुम्ही मधेच म्हणालात, "शोभा, मी इतकी वर्षं बायकांना थांबायलाच शिकवलं गं."

मी म्हटलं, "थांबता येणं महत्त्वाचंच. चटणी देऊ?"

तुम्ही चटणी घेतलीत. विषय तिथे संपला असं मी समजले.

त्यानंतर तुम्ही आपल्या आपण सगळीकडे जायला लागलात. दूध आणायला, नातीला शाळेतून घ्यायला, एकदा तर नुसत्याच, "जरा हायवेवर जाऊन येते" म्हणून. अस्मिताच्या आनंदाला पारावार नव्हता. तिने तुमच्या खोलीसाठी पडदे आणले. परतीच्या आदल्या आठवड्यात ती जेवताना म्हणाली, "आता प्रश्नच मिटला. अट पुरी झाली." तुम्ही भाताचा घास संपवलात आणि म्हणालात, "हो, झाली. म्हणूनच परत जाते."

काय ते भांडण! अस्मिता रडली. जावई बिचारा भांडी घासायला उठला. मीही तिच्याच बाजूने बोलले, अगदी सडेतोड. तुम्ही स्वतः अट घातलीत, स्वतः पुरी केलीत आणि आता स्वतःच मोडता? तुम्ही म्हणालात, "विचार करीन म्हटलं होतं. केला." बस्स. त्यापुढे एक अक्षर नाही. विमानात मी तुमच्याशी मुंबईपर्यंत बोलले नाही, जेवणाचा ट्रे तुमच्याकडे सरकवण्यापुरतं सोडून.

आणि इथे येऊन काय केलंत? तीच शाळा, तीच डावी सीट, तेच गुडघे. मी हरले नाही. मी पुरावे गोळा करत होते. माझा सगळ्यात मोठा पुरावा रसवंतीचा. त्र्यंबक रोडला, अंजनेरीच्या अलीकडे, उसाच्या रसाचं ते गुऱ्हाळ आहे तिथे तुम्ही मला चार-पाच वेळा दिसलात. एकट्या. गाडी नाही, सोबत कोणी नाही, बाकावर ग्लास धरून रस्त्याकडे बघत बसलेल्या. मी व्हॅन थांबवून विचारायची, "सोडू का?" तुम्ही म्हणायच्यात, "नको, बसलेय जरा." घरी येऊन मी ह्यांना सांगायची, बघा, घर खायला उठतं म्हणून ही बाई शहराबाहेर येऊन बसते. तुम्हालाही तोंडावर म्हटलं होतं, "रसवंतीवर एकटं बसण्यापेक्षा नातीजवळ बसला असतात." तुम्ही हसलात. म्हटलं ना, तुमचं हसणं हा तुमच्या बाजूचा एकमेव मुद्दा होता.

आता कालचं सांगते.

अस्मिता पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. दोन दिवस ती घरात भांडीकुंडी हलवत राहिली. काल सकाळी चहा घेताना म्हणाली, "मावशी, खरं सांग. आईला माझ्याकडे करमत नव्हतं, की मीच नको होते तिला?"

मला असल्या प्रश्नांची उत्तरं येत नाहीत. मी म्हटलं, "मला ठाऊक असतं तर मी सहा वर्षं तुझ्या बाजूने भांडले असते का?" तिचा चेहरा उतरला. इतक्यात फाटकाशी जीप थांबली. उलटी आत घेतली, एका दमात. त्यातून हिराबाई उतरली, हरसूलची. तुम्हाला आठवत असेलच. नवऱ्याची जीप बाजाराच्या दिवशी तीच चालवते. तिला उशिरा कळलं म्हणून उशिरा आली. डोक्यावर पदर, हातात नागलीच्या पापडांची पिशवी.

"मॅडमची लेक का तू? तोंडावळा हाय," ती अस्मिताला म्हणाली. बसली, पाणी प्यायली आणि सांगायला लागली. "लय कडक बाई. पन लायसन हातात आलं ना, दुसऱ्या दिशी मला म्हनल्या, चल, एक धडा राहिलाय. तंबक रोडला नेली. गुऱ्हाळापाशी म्हनल्या थांब. थांबले. तर ह्या आपल्या खालीच उतरल्या! म्या म्हनलं, मॅडम, कुठं? तर म्हनल्या, तू जा. घाटापातुर जा, वळीव, माघारी ये. म्या हितं रस पिते. म्या म्हनलं, आन् बिरेक? तर म्हनल्या, तुझ्याकडं हाय तेवढा पुरं. आता दुसरं दाबायला शिक."

"मग?" अस्मिताने विचारलं.

"मग काय. पैलं तर रडलेच मी. थोडी गेले, मंग जरा दाबलं, मंग अजून दाबलं. आगं, काय सांगू तुला! माघारी आले तं मॅडम आपल्या बाकावर बसेल. म्या इतकी वराडत आले का गुऱ्हाळवाला भ्याला."

मी चहाचा कप खाली ठेवला. ताई, दुपारपर्यंत मी तुमच्या अलीकडच्या विद्यार्थिनींपैकी ज्यांचे नंबर माझ्याकडे होते त्या सगळ्यांना फोन केले. बँकेतली, दवाखान्यातली, गंगापूर रोडची ती भित्री जोशीण. प्रत्येकीला तुम्ही तिथून पुढे सोडलं होतंत. प्रत्येक जण एकटी घाटापर्यंत जाऊन आली होती आणि तुम्ही बाकावर बसून तिची वाट बघितली होतीत. हे सगळं अमेरिकेहून आल्यानंतरचं. चौऱ्याण्णवच्या माझ्या बॅचला हा धडा नव्हता. तेव्हा तो तुम्हालाच येत नव्हता.

माझ्या पुराव्याची अशी वाट लागली. बरं, मी तुम्हाला तिथे बघून कीव केली, सोडू का म्हणून विचारलं, तेव्हा तुम्हाला दोन वाक्यांत सांगता आलं नसतं? अस्मिताला फोनवर सांगता आलं नसतं? लेक सहा वर्षं समजत राहिली की आईला मी नको होते, आणि तुम्ही इकडे बायकांना उधळायला शिकवत होतात. ह्याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही. शिकवायला तुम्ही एक नंबर होतात. सांगण्याच्या बाबतीत नापास.

म्हणून ते मी तुमच्या वतीने सांगून टाकलं. जोडरस्ता, ट्रक, "अगं अगं अगं", बागेतल्या बाकावर बसून तुम्ही काय म्हणालात ते, आणि मी चटणी पुढे केली तेही. म्हटलं, "तुझी आई तुला सोडून आली नाही. तिला तुझ्या गावात एक गोष्ट सापडली आणि ती इथल्या बायकांना नेऊन द्यायची घाई झाली." शब्द माझे आहेत. चुकले असतील तर जबाबदारी तुमची.

अस्मिताने नाक पुसलं आणि अगदी तुमच्यासारखी मान ताठ करून म्हणाली, "मग आईचंच बरोबर होतं."

मी म्हटलं, "अजिबात नाही. पेनसिल्व्हेनियात बायका नाहीत का? तिथे शिकवलं असतं."

"मावशी, तिथे सोळाव्या वर्षी सगळ्या शिकतात."

"मग गुडघ्यांचं काय? तिथे डॉक्टर चांगले."

"गुडघे कुठे वापरत होती ती? बसूनच तर होती."

आज सकाळीही तेच. मी मुद्दा काढला की तिच्याकडे उत्तर तयार. तुमच्यापेक्षा ती वाद बरा घालते. हसून टाळत नाही, बोलते. तिचं परतीचं तिकीट पुढच्या आठवड्यातलं आहे. तोवर रोज बाजारातून येताना मी तुमच्याकडे चहाला थांबते, गाडी उलटी आत घेते, आणि तुमच्या लेकीकडून थोडी थोडी हरते. एकदम हरायचं नाही, एवढं मी ठरवलंय.